नजमाचं हुबेहूब चित्र

नागभीड,
रविवार (चहा करपला आहे)

आदरणीय बाबूभाई यांना अकरमचा सलाम. भाभींना सलाम, नाहीदला दुआ.

इकडे सर्व खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी, असं लिहून पुढे सरकायची आपल्यात रीत आहे. पण मी आता वास्तववादी झालो असल्यामुळे मला तसं लिहिता येत नाही. इकडे काहीही खुशाल नाही. सकाळी दूध उतू गेलं, ते पुसायचं फडकं सापडलं नाही, म्हणून ब्रश पुसायच्या चिंधीने पुसलं. आता शेगडीवर निळा डाग पडला आहे आणि नजमा घरात शिरल्याबरोबर (शिरली तर) तिला आधी तोच दिसणार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? भाभींची शुगर? कंपनीची बस अजून तुमच्या क्वार्टरसमोरच हॉर्न वाजवते का? ऊर्जानगरची खरी खबर द्या, पद्धतीची नको.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण उर्दू मला लिहिता येत नाही आणि तुम्हाला वाचता येत नाही (हे आपण दोघांनीही आपापल्या अब्बांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही), आणि फोन तुम्ही उचलत नाही. तुमचंही बरोबर आहे. बहीण पिशवी घेऊन दारात उभी राहिल्यावर कोणता भाऊ तिच्या नवऱ्याचा फोन उचलेल? पण पत्र माणूस फाडण्याआधी एकदा वाचतोच, एवढ्या भरवशावर बसलो आहे. बसलो आहे म्हणजे, मध्ये मध्ये उठतो आहे.

तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. तो तुमच्या घरचा प्रश्न आहे (म्हणजे माझ्याच घरचा, पण सध्या तुमच्याकडे मुक्कामाला आहे). मला फक्त गैरसमज दूर करायचा आहे. मी तिचं चित्र काढून तिची बेइज्जती केली असं नजमाला वाटतं. बाबूभाई, ती बेइज्जती नव्हती, तो वास्तववाद होता. तो काय असतो ते मी तुम्हाला समजावतो, तुम्ही तिला समजवा. ती तुमचं ऐकते.

चंद्रपूरला चित्रकारांचं शिबिर झालं तेव्हा मी तुमच्याकडेच उतरलो होतो आणि तुमच्याच स्कूटरवर मागे बसून रोज गेलो होतो, त्यामुळे या प्रकरणात थोडे तुम्हीही आहात. तिथे नागपूरहून एक सर आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा पाट्या रंगवणाऱ्यांची चांगली हजेरी घेतली. म्हणाले, तुम्ही लोक सरळ सरळ खोटं रंगवता. तुमच्या पाटीवरचा डॉक्टर गोरा, तुमचा शेतकरी हसरा, तुमची म्हैससुद्धा आंघोळ करून आलेली. जे आहे ते काढा, जसं आहे तसं काढा, यालाच वास्तववाद म्हणतात. दुपारच्या जेवणानंतर सर तत्त्वज्ञानात शिरले (वरणभात जास्त झाला की शिकलेली माणसं बहुतेक तिकडेच जातात). समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, आपण सगळे या खोलीतून बाहेर गेलो, तिच्याकडे कोणीसुद्धा पाहत नसलं, तरी ही खुर्ची असतेच. वस्तूचं असणं आपल्या पाहण्यावर अवलंबून नसतं. मी हात वर करून म्हटलं, "सर, लग्नाच्या मांडवात नसते. हात धुवाले उठलो का दुसरा घेऊन जाते." सगळे हसले, सर हसले नाहीत. पण त्यांची गोष्ट माझ्या मनात बसली, आणि परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं की आता खोटं म्हणून रंगवायचं नाही.

सुरुवात वाजिदच्या चिकन सेंटरपासून झाली. वाजिद आपल्याच गल्लीतला, तुम्ही त्याच्या निकाहाला आला होता. आजवर मी अशा पाटीवर जी कोंबडी काढत आलो ती हसायची आणि एक पंख पुढे करून गिऱ्हाइकाला या या म्हणायची. आता तुम्हीच सांगा, कोणती कोंबडी चिकन सेंटरच्या दारात उभी राहून हसेल? मी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसलो आणि जी सुऱ्याकडे पाहत होती तीच कोंबडी, तिच्या नजरेसकट, उतरवली. काम असं उतरलं की मलाच पाटीसमोर उभं राहवेना. गिऱ्हाईक यायचं, कोंबडीकडे पाहायचं, कोंबडी त्याच्याकडे पाहायची, आणि गिऱ्हाईक शेजारून वांगी घेऊन घरी जायचं. वाजिद म्हणाला, "अकरमभाऊ, तुमी तं माह्या धंद्याची मय्यत काहाडली." सध्या कोंबडीवर पोतं टाकलेलं आहे. तेव्हाच मी थांबायला हवं होतं, पण नवीन अक्कल आलेला माणूस थांबत नसतो.

नजमा कित्येक वर्षांपासून म्हणत होती, दुनियेच्या बायका रंगवता, एखादं चित्र माझंही काढा, समोरच्या खोलीत लावू. बिचारी नेमकी याच दिवसांत पुन्हा म्हणाली. ईदचा हिरवा जोडा घालून, डोळ्यांत सुरमा घालून खुर्चीत बसलीही. मी तिला उठवलं (इथे भाभी मला काय म्हणतील ते मला इथूनच ऐकू येतं आहे) आणि सांगितलं की हे खोटं आहे, रोजचा जोडा घाल, कणीक मळायला बस, जशी असतेस तशी. ती मुकाट्याने बसली. मग मी भांगातले पांढरे केस काढले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, ओढणीवरचा हळदीचा डाग काढला, मागचं गॅसचं सिलिंडर काढलं, त्याच्या नळीला मी स्वतः गुंडाळलेली चिकटपट्टी, पट्टीवर बसलेला मळ, सगळं काढलं. हुबेहूब. नजमाने चित्र पाहिलं आणि ओरडली नाही. नजमा ओरडली नाही म्हणजे काय, हे तुम्हाला तिच्या लहानपणापासून माहीत आहे. एवढंच म्हणाली, "ही बाई कोन हाय मले मालूम नाई. तुमी राहा आता हिच्यासंगं." आणि चंद्रपूरची गाडी धरली. तेव्हापासून मी खरोखर त्या बाईसोबत राहतो आहे. चांगली आहे, काही बोलत नाही.

(आत्ता उठून दाराशी जाऊन आलो. कोणी नव्हतं. रिक्षा थांबल्यासारखं वाटलं होतं.)

घरात बसवेना, म्हणून एटापल्लीकडच्या एका गावातलं काम घेतलं. गोंड लोकांचं गाव, अगदी जंगलात. तिकडे घरचं कोणी मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात, आणि हल्ली काही घरं त्यावर माणसाचं चित्रही रंगवून घेतात. वारलू नावाच्या माणसाचा बाप, देवराव, गेल्या वर्षी वारला होता. मी फोटो मागितला, तर वारलूने बापाचं आधार कार्ड पुढे केलं; आयुष्यात निघालेला तेवढा एकच फोटो. मी म्हटलं वा, यापेक्षा पक्का पुरावा कोणता? आणि तो फोटो जसाच्या तसा दगडावर मोठा केला. पापणी हलवू नका असं कोणीतरी दरडावल्यावर होतात तसे डोळे, पाणी लावून चापलेले केस, सगळं. गाव जमलं. मग देवरावची बायको मंगली पुढे आली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "हा तं आधारवाला हाय. माहा मानूस कुठी हाय?"

मग जे सुरू झालं ते तुमच्या कंपनीच्या मीटिंगमध्येही होत नसेल. मंगलीला मिशा काळ्या हव्या होत्या. वारलूला बाप मोटरसायकलवर हवा होता. मी विचारलं, त्यांच्याकडे मोटरसायकल होती का? वारलू म्हणाला, "नव्हती. पन चालवत होता." म्हणजे गावात कोणाची गाडी उभी दिसली की देवराव तिच्यावर बसून तोंडाने आवाज काढत बसायचा. नात प्रिया म्हणाली की आजाचा वाघ पाहिजेच. देवरावने एकदा वाघाला छत्रीने हाकललं होतं, असं देवराव सांगायचा. तो तेव्हा मोहाच्या झाडावर होता, असं बाकी सगळं गाव सांगतं. मी त्यांना वास्तववाद समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला काळ्या रंगाचा डबा दिला. चित्र पसंत पडल्याशिवाय गावजेवणाची चूलही पेटणार नव्हती. मी वैतागून सगळं काढलं: काळ्या मिशांचा तरणा देवराव, खाली मोटरसायकल, हातात उघडी छत्री, आणि समोरून शेपूट घालून पळणारा वाघ. माझ्या हातून इतकं खोटं चित्र शिबिराच्या आधीही निघालं नव्हतं.

आणि बाबूभाई, सगळे म्हणाले, हाच. मंगली कमरेवर हात ठेवून चित्रासमोर उभी राहिली आणि गोंडीतून त्याला फाडफाड बोलायला लागली. मला गोंडी येत नाही, पण सूर घरचाच होता, लगेच ओळखला. मी वारलूकडे पाहिलं. तो म्हणाला, "इतके दिवस कुठी होता म्हनते, बैल कोन बांधन म्हनते." मग बोलता बोलताच ती तिथे खाली बसली आणि रडली. मलाही रडू आलं, ते मी डोळ्यात रंग गेला म्हणून निभावलं.

घरी आलो आणि पिशवी न ठेवताच नजमाच्या चित्रासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, चहा ठेवतेस का? काही नाही. मुद्दाम चपला घालून आतपर्यंत गेलो. काही नाही. मी समोर उभं राहून काहीही करावं आणि तिने एका शब्दाने रागावू नये? एवढं हुबेहूब असून उपयोग काय? मला या घरात करमत नाही, बाबूभाई. या खोलीतून त्या खोलीत जातो, तिथून परत येतो, ब्रश धुतो, धुतलेले पुन्हा धुतो. जेवायला बसलो तर ताट वाढून घ्यायचं राहिलेलं असतं.

असो. तर वास्तववाद म्हणजे काय ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल (माझ्या आलेलं नाही). नजमाला आपल्या शब्दांत समजवावं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
अकरम

ता. क. तिला परत पाठवा असं म्हणत नाही, असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. पाठवा. चित्र मी बदलून देतो. पांढरे केस काळे करतो, वर्तुळं पुसतो, सिलिंडरच्या जागी गुलाबाची कुंडी काढतो, म्हणेल तर मोटरसायकलवर बसवतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुमच्या नाहीदचा चोरून फोन आला (तिला रागावू नका). कुजबुजत म्हणाली, "फूफाजी, फूफी पांढऱ्या केसांसाठी नाराज नाई. केस हायतच पांढरे म्हनते. त्यायनं माही चमकी नाई काहाडली, म्हनून रडून राह्यली." एवढं बोलून तिने फोन ठेवला, कारण नजमा खोलीत आली. ही चमकी म्हणजे लग्नानंतर पहिली पाटी रंगवली तेव्हा मी घेऊन दिलेली. तिने ती आजवर नाकातून काढलेली नाही. मी धावत चित्राकडे गेलो. चिकटपट्टी आहे. पट्टीवरचा मळ आहे. चमकी नाही. सर म्हणाले होते ते खरं निघालं, बाबूभाई. कोणी पाहत नसलं तरी वस्तू असते.

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. ब्रश भिजवून चित्रासमोर उभा आहे आणि हात चालत नाही. चमकी डाव्या बाजूला आहे की उजव्या? तिला विचारू नका. ती चहा घेऊन येईल तेव्हा हळूच बघा.