अक्काचा डावा पाय

जळगाव, १० ऑक्टोबर २०२४

चि. रुपचंद यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुला फोन करण्यात अर्थ नाही. मी पाय म्हणते, तू गाय ऐकतोस आणि दूध किती देते ते विचारतोस. म्हणून हे पत्र.

एक तारखेला वस्तीत ज्येष्ठ नागरिक दिन झाला आणि माझा सत्कार झाला. पराक्रम कोणता म्हणशील, तर पासष्टीनंतरही जिवंत राहिले. आमच्या वस्तीत तेवढं शाल-नारळाला पुरतं. पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर लघवीला कुठे जायचं हा प्रश्न आम्ही तेवीस म्हाताऱ्यांनी आपसात सोडवला, कसा ते लिहीत नाही. मग बोटाला टोचून साखर मोजली. माझी तीनशे चाळीस. टोचणाऱ्या मुलीनं आकडा इतक्या मोठ्यानं वाचला की शेजारच्या सुनंदाबाईंना वाटलं मी काहीतरी जिंकले. त्यांची दोनशे दहाच होती, जरा हिरमुसल्या.

गोळ्या मागितल्या तर म्हणे वस्तीच्या दवाखान्यात मिळतील. तिथे गोळ्या संपलेल्या. डॉक्टर मंगळवारी येतात, म्हणून परवा मंगळवारी गेले, तर ते प्रशिक्षणाला गेलेले. आल्यावर फार हुशार होऊन येतील, तेव्हा दाखवीन.

डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक फोड आलाय, पण दुखत नाही. या वयात न दुखणारं काहीतरी अंगावर आहे हेच नवल. बाकी बठ्ठं ठीक शे.

लोभ आहेच, त्याला बुरशी लागू देऊ नकोस.

तुझी अक्का,
पुष्पा


धुळे, १९ ऑक्टोबर २०२४

ती. पुष्पाअक्का हिस,

रुपचंदचा साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच मान्य करून घे.

सत्काराबद्दल अभिनंदन. मीही मागे नाही. यंत्रमागावर तीस वर्षं दोन्ही कान वाहिले, त्याची दखल घेऊन एका शिबिरात मला कानाचं मशीन मिळालं. घातल्याबरोबर सूनबाई शेजारणीला सांगताना ऐकू आल्या की आबांना आता काही कळत नाही. आठ दिवसांत सेल संपला. धुळ्यातली घड्याळांची सगळी दुकानं पालथी घातली, त्या मापाचा सेल कुणाकडेच नाही. मशीनच्या डबीवर लिहिलंय की तक्रारीसाठी या नंबरवर फोन करा. बहिऱ्याला फोन करायला सांगणारा माणूस कोण असेल, त्याला एकदा डोळे भरून बघायचंय.

आता कामाचं. आमच्या मागावरचे झिपरूनाना आठवतात? त्यांचाही फोड दुखत नव्हता. आज कुबडीवर आहेत. तेव्हा तीन प्रश्न विचारतो, तिन्हींची उत्तरं दे. फोड केवढा, रंग कसा, वास येतो का? गोड बोलून टाळू नकोस. तुझ्यात आधीच तीनशे चाळीस गोड आहे.

तुझा लहान भाऊ, पण आज मोठ्या आवाजात,
रुपचंद


जळगाव, २६ ऑक्टोबर २०२४

चि. रुपचंद,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

तुझा पेपर सोडवते. फोड रुपयाच्या नाण्याएवढा. रंग नीट दिसत नाही, कारण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. त्याच्या यादीत गेल्या वर्षी नाव घातलं. यादी कुठे अडली हे विचारणाऱ्यांची वेगळी यादी आहे, तीतही मी आहे. आणि वासाचं म्हणशील, तर दारासमोर गटार आहे. कोणता वास तिचा आणि कोणता माझा, हे ठरवायला अजून कुणी आलेलं नाही.

आमच्या गल्लीची आशा सेविका शहनाज रोज येते, जखम धुते आणि मला रागावते. परवा ओढतच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे म्हणाले, दाखल व्हावं लागेल, सोबत नातेवाईक कोण? शहनाज म्हणाली, मी आहे. नाव विचारलं, माझं नाव पाहिलं, आणि रक्ताचं माणूस आणा म्हणाले. लेक दिपमाला सुरतेत, तिचं बाळंतपण पंधरा दिवसांवर. तिला कळवू नकोस, माझी शपथ आहे. दिवाळी झाली की बघू.

आणि हो, यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. एसटीला गर्दी असते. कंडक्टर ओरडेल ते तुला ऐकू यायचं नाही आणि पारोळ्यालाच उतरशील.

माया दुरूनही पोचते, तेवढी पाठवत राहा.

अक्का


धुळे, २८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. तुला घरी सोडून आल्याला आज आठ दिवस झाले. एक गोष्ट तोंडावर सांगता आली नाही, ती लिहितो.

भाऊबीजेला येऊ नकोस असं तू जन्मात पहिल्यांदा लिहिलंस. पत्र वाचलं आणि तसाच स्टँडवर गेलो. तू दारात उभी होतीस, पायाला दुधाची पिशवी बांधून. ओलं होऊ नये म्हणून, असं खुणेनं सांगितलंस. अक्का, माझे कान गेलेत, नाक नाही. शहनाजनं माझा चेहरा पाहिला आणि रिक्षा आणली.

दवाखान्यात मी एकदम मोठा माणूस झालो. रक्ताचा ना! शहनाजला बाहेर थांबवलं आणि मला आत नेलं. डॉक्टर तरुण होते, तोंडावर मास्क, त्यामुळे ओठही दिसेनात. ते बरंच बोलले. मी मान हलवली. ते थांबले की मी पुन्हा मान हलवायचो. मग कागद पुढे केला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि चष्मा तुझ्या घरी फळीवर. मी सही केली.

अक्का, मी कशावर सही केली ते मला माहीत नव्हतं.

तुला आत नेल्यावर बाकावर बसलो तेव्हा ते डोक्यात शिरलं. बोट की पाऊल, की गुडघ्यापासून पाय? कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं की म्हाताऱ्यानं न ऐकताच सही ठोकली. लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी अडीच तास बसून राहिलो. तुला बाहेर आणलं तेव्हा आधी तुझं तोंड पाहिलं नाही, चादर वर केली. पट्टीतून तीन बोटं दिसली. मी तिथेच रडलो. चादरीला हात लावला म्हणून वॉर्डबॉय रागावला असावा. त्याची मेहनत वाया गेली.

सगळे म्हणतात, भाऊ वेळेवर आला. मला ते ऐकवत नाही, आणि हे बहिरेपणामुळे नव्हे. माफ करणार असशील तर कर.

तुझा,
रुपचंद


जळगाव, ९ डिसेंबर २०२४

चि. रुपचंद,

आशीर्वाद. दिपमालाला मुलगी झाली. आईच्या पायाचं तिला आता कळवलंय. ती फोनवर तासभर रडली, मग तासभर भांडली.

इथली बातमी. मंगळवारी आम्ही सगळ्या म्हाताऱ्या शहनाजसोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टर मीटिंगला होते. आम्ही म्हटलं, आम्हाला घाई नाही, आम्ही निवृत्त आहोत. आणि ओट्यावर चपला काढून बसलो. दुपारी बारापर्यंत डॉक्टरांची मीटिंग संपली. बिचारे भले आहेत, तीन वस्त्यांना एकटेच. एका ओळीत एवढे पाय त्यांनी कधी पाहिले नसावेत. चौघींना जखमा होत्या, एकीलाही पत्ता नव्हता. सुनंदाबाईंच्या टाचेत काच निघाली, कधीची कोण जाणे. त्या वेळेत बचावल्या. आता पहिला मंगळवार पायांचा ठरलाय. गोळ्या आल्यात, अर्ध्या. बाकीच्या अर्ध्यांसाठी पुन्हा चपला काढू.

आता तुझी माफी. वेड्या, डॉक्टर तुझ्याआधी माझ्याशी बोलले होते. दोन बोटं जातील, आत खराब निघालं तर घोट्यापर्यंत जाईल, असं सरळ सांगितलं. मी म्हटलं, काय जायचं ते जाऊ द्या. मग ते म्हणाले, भावाची सही लागेल. मी त्यांना सांगितलं नाही की त्याला ऐकू येत नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा नातेवाईक मागितला असता, आणि दुसरा आणायचा कुठून? म्हणजे लपवलं दोघांनीही, आणि माझी चोरी तुझ्याहून मोठी. पुढच्या वेळी मात्र मान हलवू नकोस. ऐकू आलं नाही असं जोरात सांग, जग दुसऱ्यांदा सांगेल. नाही सांगितलं तर मी आहे.

आणि एक. तू टेबलावर वाकला होतास तेव्हा मी पलीकडे स्ट्रेचरवर होते. मधलं दार उघडं होतं. उजव्या डोळ्यानं मला तू नीट दिसत होतास. सही करताना तुझी जीभ बाहेर आली होती, पाटीवर र गिरवताना यायची तशी. तोवर मी त्या लोकांना थांबा, थांबा म्हणत होते, स्ट्रेचरचा दांडा सोडत नव्हते. तुला तसं पाहिलं आणि म्हटलं, चला, न्या आता.

तुझी,
अक्का