नववं नाव

९ नोव्हेंबर २००९

लाउडस्पीकर नाही! इलेक्शन महिन्यावर आलं, आणि गावात एक जीप फिरत नाही की एक भिंत रंगलेली नाही. मी नंदनला विचारलं, "बाबा रे, इलेक्शनच आहे ना? की कोणाचं सुतक?"

तो म्हणाला, "आई, इथे असंच असतं."

असंच म्हणजे कसं? तेच मला बघायचंय. पद्मजाला म्हटलं, सूनबाई, काढ वही. अक्षराशी माझी ओळख नाही, आणि आठवणीचा आता भरवसा नाही. मी सांगते, तू लिही. पण सासूचं सुधारून लिहायचं नाही! मी एक शब्द बोलते आणि तुझं पेन तीन शब्द चालतं, ते मला दिसतं.

तर. हे कॅनडाच्या पार उत्तरेचं, नुनावुतमधलं गाव. आपल्या वाडीएवढं. वर बर्फ, खाली दगड, झाड औषधाला नाही. खाली दक्षिणेत, मार्कहॅमची कॉम्प्युटरची नोकरी गेली तेव्हा नंदनने ही धरली. हुद्दा इंग्रजीत लांबलचक आहे, पण काम ग्रामसेवकाचं – पाणी, कचरा, रस्त्यावरचा बर्फ. पद्मजा इथल्या दवाखान्यात नर्स. नंदनच्या डोक्यावर कौन्सिल: एक मेयर, म्हणजे सरपंच, आणि आठ मेंबर. यंदा आठ मेंबर निवडायचेत. मार्चमध्ये नंदनचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. त्याला ठेवायचं की बोळवायचं, हे नवीन कौन्सिल ठरवणार.

मार्चमध्ये मीही सुटणार. चित्राकडे, बर्नाबीला. लेकीने तिकीट काढून ठेवलंय. तिच्या खिडकीत मोठं झाड आहे.

१० नोव्हेंबर

कालचं राहिलं. मीही पंच होते, बरं का! महिला राखीव. अख्खी पाच वर्षं. खुर्ची ह्यांची, भाषण ह्यांचं, अंगठा माझा. ठरावाचा कागद चुलीपाशी यायचा. पीठ पुसायचं, अंगठा उठवायचा, पुन्हा भाकरी थापायची. एकदा विचारलं, कशाचा ठराव? हे म्हणाले, "तुझ्या कामाचा नाही." पंच मी!

म्हणून म्हणते, कसं असतं ते एकदा बघू दे.

१३ नोव्हेंबर

शेजारची मालाया आली. माझ्याच वयाची, पण जास्त म्हातारी दिसते. (लिही, लिही. तिला कुठे मराठी येतं!) माझी गोधडी हातात घेतली, टाके पाहिले आणि दोन ओळी सरळ उसवून टाकल्या. सासू परवडली!

आमचं बोलणं हातांनी. भुवया वर केल्या की "हो", नाक मुरडलं की "नाही". एवढ्यात सगळं भागतं. फारच अडलं तर तिची लेक रीपा इंग्लिशमध्ये सांगते आणि पद्मजा मराठीत. तीन पाण्यांत धुतलेलं बोलणं – रंग थोडा उतरतोच.

आज तिने माझं कोपर धरलं आणि मला ऑफिसात नेलं. नंदन विमानपट्टीवर गेलेला. टेबलाशी शाळेतली एक बाई बसलेली, इलेक्शनची अधिकारी. इथे कोणी आपणहून उभं राहून चालत नाही, गावच्या दोन मतदारांनी नाव सुचवावं लागतं. म्हणजे दुसऱ्याने म्हणायचं, ही शहाणी आहे! मालायाने माझ्याकडे बघून भुवया उंच केल्या. मी पण केल्या. कॅनडाची नागरिक आहे मी, इथे वर्ष उलटून गेलंय, माझं नाव यादीत आहे.

बाईने बोटाने फुली काढून दाखवली, मालायाच्या नावाखाली मारा म्हणून. मी म्हटलं, फुली चुकलेल्या गोष्टीवर मारतात. मी अंगठा पुढे केला. मग शाईचा पॅड शोधायला सगळं ऑफिस उठलं!

१६ नोव्हेंबर

नंदन चिडून घरी आला. बूट दारातच भिरकावले.

"आई, काय केलंस तू? आठ जागा, आठच नावं होती. सगळे जुने, सगळे माझ्या ओळखीचे. बिनविरोध होणार होतं! तुझ्या अंगठ्याने नववं नाव आलं. आता मतदान घ्यावं लागणार."

"मग घ्या. मला बघायचंच होतं."

"मालाया का उभी राहिली, विचारलंस तरी?"

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं.

१७ नोव्हेंबर

अंगठा घेताना हे मला विचारत नसत; आता देताना मीही विचारलं नाही. आज दिवसभर गोधडी शिवली नाही.

२५ नोव्हेंबर

प्रचार ऐकला! इथे प्रचार म्हणजे गावचा रेडिओ. एकेक उमेदवार येऊन बोलतो, आणि गाव फोन करून त्याला विचारतं. रीपा आमच्या किचनमध्ये बसून सांगत होती, पद्मजा मला.

पहिला म्हणाला, माझ्यापेक्षा माझा मेहुणा हुशार आहे, पण तो उभा राहिला नाही. दुसरी म्हणाली, मला फार कळत नाही, शिकेन. "मलाच मत द्या" असं एकाच्या तोंडून नाही! इथे स्वतःची तारीफ करणाऱ्याला लोक हसतात म्हणे. आमच्या गावात असं बोलला असता तर डिपॉझिट गेलं असतं, वर बायकोने घरात घेतलं नसतं.

मग मालायाचा आवाज आला. "मी म्हातारी आहे. मीटिंगमध्ये मला झोप लागेल. बाकीचे आठ चांगले आहेत." रीपा हसत सांगत होती. मालाया पुढे बोलत राहिली, आणि रीपा चहा ढवळू लागली. कपाकडे बघत बसली.

"रीपा, पुढे काय म्हणाली?"

ती पद्मजाशी हळू बोलली. पद्मजा माझ्याशी त्याहून हळू.

मालाया म्हणाली होती – रविवारी पाण्याचा ट्रक बंद केला, तो मोठ्या घरांना विचारून केला नाही. ज्याने बंद केला त्याच्या घरात तीन माणसं आहेत.

तीन माणसं. नंदन, पद्मजा आणि मी.

२९ नोव्हेंबर, रविवार

डोळ्यांनी बघावं म्हणून मालायाकडे गेले. इथे विहीर नाही, नळ नाही. ट्रक येतो, घरातली टाकी भरून जातो. शनिवारी दुपारी भरली की सोमवारपर्यंत तेवढ्यावर. आमची अर्धीसुद्धा संपत नाही. तिच्याकडे लेकी, जावई, नातवंडं, रांगतं एक पोर – घर आहे की एस.टी. स्टँड! टाकी कोरडी. भांडी रचलेली. जावई बर्फाचे तुकडे फोडून पातेल्यात वितळवत होता.

मी घरी येऊन आमच्या टाकीतून पातेलं भरलं, झाकण ठेवून घेऊन गेले. समोरच तर घर! पोचेपर्यंत वर पापुद्रा धरला. मालायाने बोटाने तो फोडला आणि खदखदा हसली.

माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

१ डिसेंबर

नंदनला ताटावर गाठलं. तो काही राक्षस नाही, पोटचा आहे माझ्या. म्हणाला, "आई, ड्रायव्हर दोनच आहेत. रविवारी बोलावलं तर डबल पगार. ट्रक सारखा बंद पडतो, पार्ट विमानाने येतो. कुठेतरी कट करावाच लागतो."

"मालायाला विचारलंस?"

"नोटीस लावली होती ना."

"नोटीस!" मी म्हटलं. "कोणाला सांगतोस? मला?"

जेवला नाही पुढे. पद्मजा भात झाकून ठेवत म्हणाली, "आई, ती निवडून आली आणि ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर? परत मार्कहॅमला नोकरी शोधत फिरायचं?"

तुझंच बोलणं तुलाच लिहायला लावते आहे, सूनबाई. लिही.

१४ डिसेंबर

आज मत दिलं. भरदुपारी काळोख – सूर्य रजेवर गेलाय तो जानेवारीत उगवेल. हॉलमध्ये चहा, गरम जाड भाकरी, पोरं पळतायत, आणि एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. पोलीस नाही, पाटील नाही. बोटाला शाईसुद्धा नाही!

कागदावर बैल नाही की कंदील नाही, नुसती नावं. मी अधिकारी बाईला विचारलं, अडाण्याने कसं ओळखायचं? म्हणाली, विश्वासाचं माणूस बरोबर न्या. त्याने शपथ घ्यायची, कोणाला सांगणार नाही म्हणून. पद्मजाने हात वर करून घेतली.

आडोशामागे पद्मजा एकेक नाव वाचत गेली. शेवटी "मालाया" म्हणाली आणि पेन्सिल तशीच धरून थांबली.

"आई, नक्की? ह्यांचं काय होईल ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. पहिल्यांदाच कागद पुढे होता आणि मला सगळं माहीत होतं.

मी भुवया वर केल्या.

फुली मी स्वतः मारली. अंगठा चालत नाही मतपत्रिकेवर.

आता सूनबाई, तू म्हणशील शपथ मोडली. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. वही ट्रंकेत ठेव.

१५ डिसेंबर

मालाया आली निवडून! पडलेला उमेदवार सकाळीच रेडिओवर म्हणाला, बरं झालं, मला शिकारीला जायचं होतं.

नंदनने तिला फोन करून अभिनंदन केलं. मग खिडकीशी उभा राहिला. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं.

१७ जानेवारी २०१०, रविवार

ट्रक आला! नव्या कौन्सिलने पहिल्याच बैठकीत ठरवलं. मंगळवारी निम्म्या घरांना नाही, त्याबदली रविवारी मोठ्या घरांना. हे नंदनला सुचलं नव्हतं. तो म्हणतो, सुचलं असतं. विचारलं असतंस तर सुचलं असतं, बाळा.

कॉन्ट्रॅक्टचं बुधवारी.

२१ जानेवारी

काल नंदनला बाहेर बसवून कौन्सिलने विचार केला. आज रीपाने येऊन सांगितलं. बरेच जण म्हणाले, दुसरा बघू. मालाया झोपली होती असं सगळ्यांना वाटलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली: "दक्षिणेकडून अधिकारी येतात आणि जातात. चुकले तर सांगायचं कोणाला? ह्याची आई इथे राहते. तिला सांगता येतं. ती आहे तोवर हा राहू दे."

आणि तसंच ठरलं. म्हणजे पोराला जामीन मी!

पद्मजा, चित्राला फोन लाव. म्हणावं, झाडाचा फोटो पाठव.