व्याहीबुवांच्या काळ्या गाडीला मी घातलेली आंघोळ

मु. नालवाडी, वर्धा
मंगळवार

श्री. प्रभाकरराव यांस,

नालवाडीहून बंडूजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (त्यातला उजवा जरा सुजलेला आहे, कारण पुढे येईलच.) आपल्या पायाची सूज उतरली का? विहीणबाईंची तब्येत कशी आहे? आमच्या होणाऱ्या सूनबाईला, मोहिनीला, माझे आणि आमच्या सौ. कुंताबाईचे आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं पाहता परवापासून मला घास उतरत नाही. फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहून काढतो आहे. तुमचा जावई, आमचा रजत, पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवेल. वाचताना कृपा करून बसून घ्या.

पोरांच्या साक्षगंधाच्या दिवशी अंगठ्या घालून झाल्यावर नाचताना तुमचा पाय मुरगळला, क्लच दाबता येईना, आणि तुम्ही भाच्याच्या गाडीतून आर्वीला घरी गेलात. जाताना किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बंडूजी, गाडी सांभाळजा." सांभाळण्यात धुणं येत नाही, हे मला आता कळतं आहे. पण गाडी तुमची काळीभोर (त्या दिवशी मांडवाच्या सावलीत कुंताबाईने गाडीच्या दारात आरशासारखं पाहून कुंकू नीट केलं होतं), आणि माझ्या वावराच्या वाटेवरची धूळ तिच्यावर बोटभर बसलेली. उद्या व्याही गाडी न्यायला येतील आणि म्हणतील, पोरगी कोण्या घरात देऊन राह्यलो आपण! म्हणून रविवारी भर दुपारी बारा वाजता मी बादली भरली, तीत कपड्याच्या साबणाची पावडर टाकली आणि घासायला घेतलं घोसाळं. घरचं, वेलावर वाळवलेलं, बीजं झटकलेलं. गेली तीस वर्षं मी त्यानेच अंग घासतो आणि माझ्या कातडीला काही झालेलं नाही. बोनेट आणि चारही दारं मी दाबून, गोल गोल घासली, जशी बैलाची पाठ घासतात तशी. (छपरापर्यंत माझा हात पोचला नाही, तिथे नुसतं पाणी ओतलं.) दीड तास घासलं. हात सुजला तो असा.

पाणी वाळलं, ऊन बोनेटवर पडलं, आणि प्रभाकरराव, माझ्या पायाखालची जमीन सरकली. सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तशी वर्तुळंच वर्तुळं! मी डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. चष्म्याने ती आणखी स्पष्ट दिसली. कुंताबाई बाहेर आली आणि किंचाळली, "अवं माय! इवायाच्या गाडीले गजकर्ण झालं!" मी तिथेच ओट्यावर बसलो. मुलाचं जुळलेलं लग्न बापाने घोसाळ्याने मोडलं, असं अख्खी नालवाडी म्हणणार, हे मला दिसू लागलं. कुंताबाईने वर्तुळांवर खोबरेल तेल लावून पाहिलं. (ते सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं.) तेलावर नवी धूळ बसली.

शेवटी पिपरी मेघ्यातला राकेश पॉलिशवाला बोलावला. त्याने बॅटरी मारली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दुखवट्याला आल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "काका, हे कोनं केलं?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "काऊन?" मी घोसाळं त्याच्यापुढे धरलं. मग त्याने मला सावलीत उभं करून शिकवलं. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ सोडवायची, कारण तीच घासायच्या खरखरीत कागदासारखी रंग खरवडते. बादल्या दोन, एक गाडीच्या साबणाची आणि एक फडकं खंगाळायची. फडकं जाड, मऊ, लोंबत्या धाग्यांचं. हात सरळ फिरवायचा, गोल नाही, आणि दाबायचा तर मुळीच नाही. पुसताना मऊ टॉवेल नुसता ठेवायचा आणि उचलायचा. मी म्हटलं, लेकराले बी एवढ्या जपून आंघोळ घालत नाईत. तो म्हणाला, "लेकरू काळ्या रंगाचं नसते, काका." मग त्याने मशीनने पॉलिश केलं, आणि बोनेट व दारं आरशासारखी झाली. तरीही अपराध तो अपराधच. जो राग काढायचा तो माझ्यावर काढा, पोरांच्या लग्नावर नको.

आपला शरमिंदा,
बंडूजी

ता. क. : पत्र संपवून बाहेर गेलो तर राकेश स्टुलावर चढून छपरावर बॅटरी मारत होता. तिथेही वर्तुळं! तशीच, उलट जुनी आणि जास्त खोल. तिथे माझा हात पोचलाच नव्हता, हे मी देवाशपथ सांगतो. मला दुसऱ्यांदा ओट्यावर बसावं लागलं.

ता. क. दुसरा : कुंताबाईने मोहिनीला फोन लावला. पोरगी रडत म्हणाली, "आई, दर रविवारी गाडी मीच धुतो. भांड्याच्या घासनीनं. बाबा दोन वर्षांपासून म्हनून राह्यले का कंपनीचा रंगच खराब हाये. त्याईले सांगू नका." तेव्हा हे तुम्हाला सांगितलेलं नाही असं समजा, आणि तिला एक शब्द बोलू नका, एवढीच या पत्राची खरी विनंती. हौसेने घासते पोरगी, ते महत्त्वाचं.

ता. क. शेवटचा : लग्नानंतर फिरायला म्हणून रजतने नवीकोरी काळी गाडी विकत घ्यायला बुक केली होती. आत्ताच फोन करून त्याने रंग पांढरा करून घेतला. मोहिनीने विचारलं तर उन्हात पांढरी थंड राहते, असं सांगायचं आमचं ठरलं आहे. तुम्हीही तेच सांगजा.