तीस लिटरचं यंत्र आणि फकरुद्दीनभाईंचा इफ्तार

अल मलाझ, रियाध
रमजानचा तेविसावा रोजा (फकरुद्दीनभाईंचा; माझं नुसतं डाएट)

तीर्थस्वरूप हरिहरमामांना यतीनचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींनी करून दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावता की फक्त बाटली उशाशी ठेवता, हे खरं कळवा. चहाचं हॉटेल बंद केल्यापासून तुम्ही पहाटे चारला उठून करता तरी काय, असं विद्या रोज विचारते. आम्ही तिघंही सुखरूप आहोत. खरं सांगायचं तर या खेपेला नुसते सुखरूप नाही, विजयी आहोत. त्याचीच हकीकत लिहायला बसलोय.

तुम्हाला माहीतच आहे, मी दोन वर्षं घरी जवाचं पेय करतोय. (मामी, घाबरू नका. बिअरचा निम्मा रस्ता चालायचा आणि परत फिरायचं, एवढंच. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे, उकळायचे, गार करून त्यात सोडा भरायचा. खमीर नाही, म्हणजे नशा नाही. इथे दुकानात असली पेयं ढिगाने मिळतात, पण माझ्या पेयात आलं घातलेलं असतं.) आजवर हे सगळं पाच लिटरच्या पातेल्यात चालायचं. मग अल सुलैच्या एका गोदामात, बंद पडलेल्या पेयांच्या प्रयोगशाळेचं सामान विकायला निघालं आणि त्यात मला ते यंत्र दिसलं. तीस लिटरचं, स्टीलचं, खाली हीटर, आत जाळीची टोपली, बाजूला पंप, गार करायची नळी, तोटी आणि तापमानाचे आकडे. मुरवणं, गाळणं, उकळणं, सगळं एकाच पिंपात. रिफायनरीत मी अशी यंत्रं रोज बघतो, पण ती माझी नसतात हो! गाडीच्या मागच्या सीटवर मी त्याला पट्टा लावून बसवून आणलं. (नूपुर पुढे बसली होती, तिने लावला नव्हता. त्यावरून घरी वेगळं प्रकरण झालं.)

आता फकरुद्दीनभाई. मूळचे दापोलीचे, इथे टाइल्सचा धंदा. दरवर्षी आपल्या यार्डात ऐंशी माणसांना इफ्तारला बोलावतात, आणि येणारं प्रत्येक घर काही ना काही करून आणतं. आम्ही दरवर्षी खजूर नेतो, म्हणजे सौदी अरेबियात खजूर. यंदा मी छाती ठोकून सांगितलं, पेय माझ्याकडे. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती मान डोलावली. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली ऐंशी माणसं माझ्या हातचं पिणार होती, मामा.

इफ्तारच्या आदल्या दिवशी पहिला घाणा नामी उतरला. फक्त, पाच लिटर फ्रिजमध्ये मावतं आणि तीस लिटर मावत नाही, हे एम.टेक. झालेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. म्हणून झाकण लावून पिंप स्वयंपाकघरातच ठेवलं. वर गोडी बघायला ओट्यावरचा डाव उचलून त्यात फिरवला. तो विद्याच्या इडलीच्या पिठातला होता.

इफ्तारच्या दिवशी दुपारी नूपुरने झाकण उचललं आणि हाक मारली, "पप्पा, कम क्विक, इट्स ब्रीदिंग!" बघतो तर वर बोटभर फेस, खालून बुडबुडे. इडलीचं पीठ फुगतं तसं माझं पेय फुगत होतं. आंबून त्यात नशा आली होती की नाही, देव जाणे. चव घेऊन ठरवावं असा विचार क्षणभर मनात आला, हे तुमच्यापासून लपवत नाही. रंग तोच, वास तसा बरा, कुणाला कळलंही नसतं. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, जाण्याची भीती तर होतीच, पण खरी भीती त्या डोलावलेल्या मानेची होती. तिसाच्या तीस लिटर मोरीत ओतलं. ओतताना डोळ्यांत पाणी आलं. (विद्या म्हणते, वाफेमुळे. गार पेयाला कुठली वाफ?)

यंत्र तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तेच गाडीत घालून यार्डात गेलो. फकरुद्दीनभाईंना डावासकट सगळं सांगितलं. ते आधी गंभीर झाले, मग इतके हसले की रोजा असलेल्या माणसाने इतकं हसावं का असं मला वाटलं. मग म्हणाले, "यतीनभाऊ, या डब्यात पाणी तरी गरम होतं ना? मग चहा करा. शरबत रग्गड आहे, पण इफ्तारनंतर ऐंशी माणसांना चहा द्यायचा तर दरवर्षी आमच्या बेगमचे, नबीलाचे हात मोडतात."

डबा म्हणाले! पण मामा, काय चहा झाला! टोपलीत पत्ती, आलं, वेलची; पंप पाणी खालून उचलून वरून सोडतोय; आकडा पंच्याण्णववर स्थिर. दूध नबीलाभाभींच्या पातेल्यात वेगळं. (दूध यंत्रात घातलं तर हीटरला लागतं, हे तुमच्याच हॉटेलात शिकलो.) नमाज आटोपून माणसं आली ती थेट तोटीसमोर रांगेत. दोन-दोन, तीन-तीन कप. फकरुद्दीनभाईंनी सर्वांसमोर जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून चहा यतीनभाऊंचा, खलास. खजुरातून आमची कायमची सुटका झाली.

मामींना नमस्कार.

तुमचा,
यतीन

ता. क. एका म्हाताऱ्या चाचांनी कप परत देताना सांगितलं, चहा चांगलाय, पण मसाल्यात काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात तुमची संपदा इकडे येतेय, तिच्याबरोबर तुमचा मसाला दोन किलो पाठवा. कृती तुम्ही आजवर कुणाला दिली नाहीत, तरी विचारून ठेवतो.

ता. क. २. दहावीला गणितात नापास झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, अभ्यास कर, नाहीतर जन्मभर चहा गाळत बसशील. मामा, मी अभ्यास केला. इंजिनिअर झालो, समुद्र ओलांडून आलो आणि चहा गाळला. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता. आता तरी कृती द्या.