सतरा मिनिटं चाळीस सेकंद

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वहिनी सांगत होती, मागच्या आठवड्यात अख्खा दरवाजा एकट्याने उचलायला गेलास आणि दोन दिवस आडवा होतास. बेचाळिशीत माणसाने दरवाजे उचलू नयेत, दुसऱ्याकडून उचलून घ्यावेत. कारखान्यात दोन माणसं ठेवली आहेस ती काय रंध्याची शोभा बघायला?

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस. मी बोलते, तू हं करतोस, मग वहिनी फोन घेते. पत्राला निदान हं म्हणून मोकळं होता येत नाही.

इकडचं बरं चाललंय. प्रयोगशाळेत नवी ट्रेडमिल आली, आपल्या जुन्या पलंगाएवढी रुंद. खोली मात्र तशीच, अठरा अंशांवर थंड ठेवलेली. पळणारे घामाने निथळत असतात आणि मी बारा महिने स्वेटरमध्ये. काल एक सायकलवाला आला होता, लांब पल्ल्याचा, पोटऱ्या अशा की दगड फुटावा. मास्क चढवायच्या आधी मला म्हणाला, “मॅडम, आकडा वाईट आला तर मला सांगू नका, कोचला सांगा.” मी म्हटलं, “आकडा चांगला-वाईट नसतो, तुझा असतो.” तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. घरी येताना माझं मलाच हसू आलं.

आता मुद्द्याचं. तुझी टिटवी. (हे नाव तिला आता आवडत नाही म्हणे. पण ठेवलंस तू, आणि त्या पायांना दुसरं नाव शोभणारही नाही.) तीन हजार मीटरमध्ये ती जे करते आहे ते तिचे कोच तुला सांगायला आले होते, आणि तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस, हे मला कळलं आहे. तिला कुमार गटाच्या शिबिरात घ्यायला ते तयार आहेत. त्यासाठी आमच्याकडे चाचणी लागते, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या चाचणीला पालकाची सही लागते.

चाचणी तीच, तू दिलेली. तोंडावर मास्क, दर मिनिटाला पट्टा थोडा वेगाने, थोडा चढाने वाढत जातो, आणि माणूस समोरचा दांडा धरून थांबेपर्यंत त्याचं शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं ते आम्ही मोजतो. यात कसलाही धोका नाही. डॉक्टर हजर असतात.

फॉर्म सोबत जोडला आहे. दुसऱ्या पानावर खाली मी फुली केली आहे, तिथे सही. तारीख २ मार्च मिळाली आहे. लवकर पाठव.

वहिनीला नमस्कार सांग. तिचा खोकला गेला का?

तुझी,
मापाडी

(नोकरी लागली तेव्हा म्हणाला होतास, “लोकांचे श्वास मोजायचा पगार? मापाडीच झालीस की.” अजून तेच नाव चालतं असं धरून चालते.)

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फॉर्म मिळाला. सहीची जागा कोरी, आणि मागच्या बाजूला तुझ्या त्या सुताराच्या चपट्या पेन्सिलीने एक ओळ: “ऐन वेळी सोडणाऱ्याची पोर आहे. तिच्या कपाळी तोच शिक्का नको. तू तरी समजून घे.”

दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. अठरा वर्षांत तू त्या चाचणीबद्दल चकार शब्द काढला नव्हतास. मला वाटायचं, विसरलास. आता कळलं, विसरला नाहीस, रुजत घातलंस.

मी वहिनीला फोन केला आणि सरळ विचारलं, तू सही करशील का? आईची चालते. ती म्हणाली, “मी करीनही गं. पण यांना डावलून केली तर पोरगी पळताना मागे बघत राहील.” वहिनी शर्यत कधी धावली नाही, पण धावणाऱ्यांचं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

परवा टिटवीचा फोन आला. मी गॅसचं नळकांडं मशीनला जोडत होते. ती म्हणाली, “आत्या, बाबांनी खरंच मध्येच सोडलं होतं?” मी म्हटलं, “नंतर बोलू, मशीन लावायचंय.” मशीन लागलेलं होतं.

तुझे जुने कागद मी कपाटातून काढून पाहिले. आम्ही काही टाकून देत नाही. तुझा आकडा सहासष्ट पूर्णांक आठ, शिबिराला सत्तर हवा होता. थांबलास तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे एक्क्याऐंशी. मैदानावर शेवटच्या फेरीत तुझे एकशे चौऱ्याण्णवपर्यंत जायचे. कानाच्या पाळीतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात, जोर लावला की वाढतं ते लॅक्टेट पाच. अगदी टोकाला गेलेल्या माणसाचं आठ, दहा, त्याहून वर असतं. आणि ऑक्सिजनची रेघ. शरीराची मर्यादा आली की ती रेघ सपाट होते. तुझी चढतीच होती.

म्हणजे तुझ्या अंगात अजून होतं. निवड समितीनेही हेच वाचलं. म्हणून तर लिहिलं, “शरीर आहे, जिद्द नाही. ऐन वेळी सोडतो.” आकडे बरोबर होते आणि शेजारच्या चौकोनात ‘चाचणी खेळाडूने स्वतः थांबवली’ यावर खूण होती. त्यांनी दुसरं काय लिहायचं?

चाचणी घेणाऱ्याने थांबवली असती तर गोष्ट वेगळी होती. तसा नियमच आहे, तेव्हाही होता. दोन दिवसांची विश्रांती आणि पुन्हा चाचणी. पहिली धरतच नाहीत.

ते असो. मला सांगायचं होतं ते एवढंच की एका चाचणीवरून माणसाचं काही ठरत नाही आणि त्याच्या मुलीचं तर नाहीच नाही. तुझ्या कारखान्यात एका फळीला चीर गेली म्हणून तू अख्खं झाड फेकतोस का?

उद्या सकाळी सहाला चालण्याच्या शर्यतीतल्या दोघी येणार आहेत, त्यामुळे आवरतं घेते. फॉर्म माझ्याजवळच ठेवते. विचार कर.

तुझी,
मापाडी

२१ फेब्रुवारी

दादा,

आज कंबर, खोकला काही विचारत नाही. आधी हे लिहिते, नाहीतर मागच्यासारखी पुन्हा फळ्या आणि झाडांवर जाईन.

तू दांडा धरला नव्हतास.

मी बटण दाबलं. लाल बटण, माझ्या उजव्या हाताशी होतं. पट्टा मंदावला, तुझा तोल गेला आणि मग तू दांडा धरलास. कुणीही धरेल. आधी बटण, मग दांडा. मी तुला ते उलटं सांगितलं.

सतरावं मिनिट पुरं झालं तेव्हा मी विचारलं होतं, “चालू?” आणि तू अंगठा वर केला होतास. चाळीस सेकंदांनी तुझा उजवा हात पुन्हा वर आला. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला. खूण नव्हती ती. मास्क लावला की बोलता येत नाही, म्हणून खुणा दोनच ठरलेल्या: अंगठा वर म्हणजे चालू, दोन्ही हातांनी दांडा म्हणजे बस. मला त्या पाठ होत्या. पण मास्कच्या वर तुझे नुसते डोळे दिसत होते, आणि ते आपल्या बाबांचे डोळे होते.

बाबा अंगणात हातगाडी ढकलताना गेले तेव्हा घरात मी एकटीच होते, हे तुला माहीत आहे. तू शाळेच्या शर्यतीला गेला होतास. पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही. कोसळायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मी खिडकीत होते, अकरा वर्षांची. मला वाटलं, टाटा करतायत. मीही हात हलवला आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

तुझा हात वर आला आणि मी बटण दाबलं. विचार केला असं म्हणणार नाही, केला नाही.

इथवर तू मला माफ करशील, हे मला ठाऊक आहे. घाबरलेल्या माणसावर तू कधी रागावत नाहीस. याच्या पुढचं माफ करण्यासारखं आहे की नाही, ते तू ठरव.

नात्यातल्या माणसाची चाचणी घ्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मला नोकरीला लागून सहा आठवडे झाले होते. तेव्हाच्या संचालक सरांच्या मी हातापाया पडले होते, की दादाची चाचणी मलाच घेऊ द्या, बहीण म्हणून उभी राहणार नाही. त्यांनी माझ्या शब्दावर घेऊ दिली, आणि ऐन वेळी शेजारच्या खोलीत फोनवर होते. कागदावर दोन चौकोन. ‘चाचणी घेणाऱ्याने थांबवली’ यावर खूण केली असती तर सरांनी विचारलं असतं, का? ठोके ठीक होते, हृदयाचा आलेख ठीक होता. कारण म्हणून माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. नोकरी गेली असती.

तू स्टुलावर बसला होतास, डोकं गुडघ्यांत. विचारलंस, “काय झालं गं?” शेवटच्या मिनिटातलं पळणाऱ्याला धड आठवत नाही, हे मला महिन्याभरापूर्वीच शिकवलं होतं. मी म्हटलं, “तू दांडा धरलास.” आणि मी दुसऱ्या चौकोनावर खूण केली.

मग तू वर बघितलंस. गालांवर मास्कच्या कडांचे वळ होते. म्हणालास, “सॉरी गं. तुला सरांसमोर तोंडघशी पाडलं.”

मी म्हटलं, “जाऊ दे.”

दादा, मी तुझी माफी ऐकून घेतली. बटणापेक्षा, खुणेपेक्षा मला याची लाज जास्त वाटते. लोक मापात पाप म्हणतात, ते वजनकाट्यात असतं अशी माझी समजूत होती.

त्यानंतर दोन दिवसांत सांगितलं असतं तरी फेरचाचणी झाली असती. आठवड्याने सांगितलं असतं तर निदान समितीचं ते वाक्य पुसलं गेलं असतं. मग तू रंधा हातात घेतलास, मग लग्न, मग टिटवी, आणि दर वर्षी मला वाटत गेलं की आता काय उपयोग. टिटवीने फोनवर विचारलं नसतं तर आजही सांगितलं असतं का? नसतं. हेही लिहून ठेवते.

आमच्याकडे झालेली नोंद खोडत नाहीत. चुकलं असेल त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं, सही करायची आणि आजची तारीख घालायची. काल मी तुझ्या कागदावर तसं केलं. सर आता नाहीत, म्हणून नव्या संचालकांकडे घेऊन गेले. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “अठरा वर्षांनी?” मी हो म्हटलं. म्हणाले, “चौकशी करावी लागेल.” मी म्हटलं, करा. तोवर माझ्याकडच्या चाचण्या काढून घेतल्या आहेत. कपाटं लावण्याचं काम आहे सध्या. स्वेटर लागत नाही. निर्णय काय व्हायचा तो होईल, त्याची चिंता तू करू नकोस. तू करशील, म्हणून सांगते.

दोन मार्चला टिटवीची चाचणी माझ्या हाताखालची मुलगी घेईल. ती माझ्यापेक्षा निगरगट्ट आहे आणि तिचा त्या पायांशी काही संबंध नाही. मी दाराबाहेर असेन. पालकाला आत थांबता येतं. तू ये. तिच्या समोर, तिला दिसशील असा उभा राहा. शेवटी शेवटी चेहरा फार भेसूर होतो, तुला बघवणार नाही. तरी तिचा अंगठा वर आहे तोवर तिला पळू दे.

तुझ्या जुन्या कागदाची प्रत सोबत आहे. फॉर्मही परत पाठवते आहे, तोच. मागच्या बाजूच्या तुझ्या ओळीतल्या ‘ऐन वेळी सोडणाऱ्याची’ या शब्दांवर मी एक सरळ रेघ मारली आहे. शेजारी लिहिलं आहे, “सोडलं नव्हतं.” खाली माझी सही आणि आजची तारीख. चूक माझी, म्हणून दुरुस्ती मीच केली.

दुसऱ्या पानावरची फुली तशीच आहे. तिच्या पुढची जागा तुझी.

मापाडी म्हणून सही करवत नाही.

सतरा मिनिटं चाळीस सेकंदांवर तुला थांबवणारी,
तुझी धाकटी बहीण