मुक्तपार: इथे कोणी कोणाला काढत नाही

३ नोव्हेंबर
दीपकने मला वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. सख्खा पुतण्या! कारण काय, तर येसूबाई वारल्याच्या मेसेजखाली मी माझी ‘पहाट’ कविता टाकली. चौदा कडवी आहेत. टाइप करायला बसलो तेव्हा येसूबाई चांगली होती!
एकतीस वर्षं मास्तरकी केली त्याचं हे फळ. दीपकला ब्लॉक केलं. बायकोला, उज्वलालाही बजावलं, त्या ग्रुपातलं एक अक्षर माझ्या कानावर घालायचं नाही.

५ नोव्हेंबर
यूट्यूबवर उपाय सापडला. विकेंद्रित नेटवर्क! कंपनी नाही, सेन्सॉर नाही, ज्याचा त्याचा सर्व्हर. जुना लॅपटॉप स्वयंपाकघरात लावला, रेंज तिथेच येते. नाव ‘मुक्तपार’. नियम एकच: इथे कोणाचं काहीही उडवलं जाणार नाही. महिन्यात अख्खी वाडी येईल. मग महाड, मग पोलादपूर.

९ नोव्हेंबर
वाडीत जाऊन प्रचार. सोनबाकाका विचारतो, तिथं हाय कोण? म्हटलं, तुम्ही आलात की तुम्ही. म्हणे, मी तर इथंच हाय. प्रितमला एवढंच हवंय की एमआयडीसीची बस कुठवर आली ते कळावं. राहीबाई म्हणाली, कुणालाच काढता येत नाय? म्हंजे माझी जाऊपण येईल. नको रे बाबा!
लोकांना स्वातंत्र्याची सवयच नाही. बाकी प्रतिसाद उत्तम.

१२ नोव्हेंबर
माझा जुना विद्यार्थी चंदू आला! सदस्य दोन. शंभर टक्के वाढ.
उज्वला सांगायला आली, रविवारी वाडीत म्हणे... म्हटलं, ग्रुपवरचं ना? हात वर करून थांबवलं.

१३ नोव्हेंबर
चंदूने ‘पहाट’खाली लिहिलं, सर, तिसऱ्या कडव्यालाच झोप लागली. पोस्ट उडवली. चंदूलाही. याला सेन्सॉर म्हणत नाहीत, संपादन म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
उज्वला नवी साडी नेसून वाडीला गेली. उंबऱ्यात दोनदा थांबली. मी विचारलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. दिवसभर सर्व्हर अपडेट केला.

संध्याकाळी ७
उज्वला आली. हातात शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्रावर माझं नाव.
वाडीने माझ्या निवृत्तीचा सत्कार ठेवला होता. कल्पना दीपकची. निमंत्रण ग्रुपवर. त्याने सात वेळा फोन केला म्हणे. कार्यक्रमाच्या शेवटी ‘पहाट’, चौदाही कडवी. मी आलोच नाही म्हणून चंदूने वाचली. कोणी उठून गेलं नाही.
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ९
दीपकला अनब्लॉक केलं. म्हटलं, घे बाबा परत, सत्काराचे फोटो तिथेच आहेत. त्याची अट: दिवसाला एक मेसेज, कविता नाही. लगेच मान्य केली.
उज्वलाने लॅपटॉपचा प्लग काढून मिक्सर लावलाय. सत्काराच्या नारळाची चटणी. मुक्तपार तासभर बंद आहे. एकाही सदस्याची तक्रार नाही.