गुरुजी/खोली/जिना

३ तारीख, सोमवार

निवृत्तीनंतर सात वर्षांनी पुन्हा हजेरी लागली! कविताप्रेमींच्या एका नव्या संकेतस्थळावर सभासदांच्या पानांचे आणि टॅगांचे पत्ते ठरवायचं काम. मालकीणबाई म्हणाल्या, गुरुजी, पत्ता न विचारता अंदाजाने लागला पाहिजे. मी फळ्यावर लिहिलं : टॅग/पाऊस, टॅग/आई. सभासदाचं मात्र नुसतं नाव, मग तिरकी रेघ, मग त्याचं जे काही असेल ते. पत्त्याचं शेपूट कापलं की एक पायरी वरचं पान. आणखी एक नियम माझाच : पुसलेला पत्ता पुन्हा कुणालाच द्यायचा नाही. केसांची शेंडी बांधणाऱ्या प्रोग्रामरने बजावलं, वरचं पान पुसलं की त्याखालची सारी पुसली जातात, जपून.

राहायला कार्यालयावरचीच खोली. खिडकीला आमच्या वर्गासारखे गज. हात मागे बांधून, तालावर, चार कविता म्हटल्या.

५ तारीख, बुधवार

लेकीला फोनवर पद्धत शिकवली. पटकन उमगली. म्हणाली, बाबा, आता तुम्ही कुठेही लपा, मी अंदाजाने शोधीन. रविवारी मला न्यायला येते आहे.

सरावासाठी माझं पान केलं : गुरुजी. गंमत म्हणून पुढे लिहिलं, गुरुजी/खोली. पान मी केलंच नव्हतं, तरी उघडलं. त्यात हे टेबल, ही वही आणि पाठमोरा मी. शेंडी हसला. म्हणे, कॅमेरा चालू राहिला असेल. पाठीवरून तरुण दिसता हो.

७ तारीख, शुक्रवार

गुरुजी/खोली/जिना. तेही आहे! सोळा पायऱ्या, तळाशी माझ्या चपला. कुणी न मागितलेलं पान म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीतला शाईचा डाग. जिन्याचं पान पुसून टाकलं. फळा पुसल्यासारखं बरं वाटलं.

८ तारीख, शनिवार

सकाळी दार उघडलं तर भिंत. जुनी, पोपडे आलेली, जणू कायमचीच. गजांपलीकडेही भिंत. शेंडीला फोन केला. म्हणाला, गुरुजी, चेष्टा पुरे, आपल्या कार्यालयाला नुसता तळमजला आहे, वर खोली कुठली?

जिन्याचं पान पुन्हा करू पाहिलं. उत्तर आलं : पुसलेला पत्ता पुन्हा मिळणार नाही. माझाच नियम. माझ्याच शब्दांत.

गुरुजी/खोली/शिडी — पान सापडलं नाही. गुरुजी/खोली/बाहेर — पान सापडलं नाही. शेपूट कापत वर गेलो. खोली. तिच्यावर गुरुजी. त्याच्याही वर — पुन्हा खोली.

९ तारीख, रविवार

लेक आली आहे. खाली उभी. फोनवर म्हणते, वर नुसतं छप्पर दिसतंय. मग म्हणाली, थांबा बाबा, तुमची पद्धत येते मला, अंदाजाने — नको ग, नको म्हणून ओरडलो. फोन बंद.

पडद्यावर नवं पान. गुरुजी/खोली/लेक.

मागून तिचा वास. लहानपणी पाठीवर घ्यायचो तेव्हाचा. खांद्यावर हात. खरा, गरम. माझ्यामुळे हीसुद्धा —

ती रडत नाहीये. माझी पोर, मार्ग काढते. म्हणते, सोपं आहे बाबा, ही खोलीच पुसून टाकू. तिचा हात माझ्या हातावरून पुढे — अग थांब, खोलीच्या पानाखाली आपण दोघं —